डॉ. कमला सोहोनी

मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवूनही, केवळ स्त्री म्हणून कमला भागवत यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. त्या निर्धाराने संचालक सर चंद्रशेखर रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. अखेर वर्षभराच्या अटीवर त्यांना प्रवेश लाभला. त्यांची तळमळ पाहून पुढे ते द्वार इतर मुलींनाही खुले झाले.

केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य शोधिले. अन्नातून शक्ती निर्माण करण्यास पेशींना ते साहाय्य करते. १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. विवाहोत्तर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषितांस उपकारक आहेत, हे त्यांनी दाखविले. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या. स्वतःसाठी झगडून मिळविलेली विद्या त्यांनी भुकेल्यांच्या कारणी लाविली.