जमिनीचा आणि पाण्याचा वकील



हरेगाव म्हटले की आपल्याला मतमाउलीची यात्रा आठवते. पण याच हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी वतनदार महार-मांगांची मोठी परिषद भरली होती. सरकारने वतनी जमिनीवरचा जुडी नावाचा सारा वाढवला होता. त्याविरुद्ध बोलायला मुंबईहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज त्यांच्या वकिलीविषयी थोडे पाहू.

१९२३ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. जातीमुळे सॉलिसिटर लोक काम देत नसत, म्हणून जिल्हा न्यायालयांतली लहानसहान कामे घ्यावी लागली. पोटासाठी त्यांनी कायद्याचे वर्गही घेतले.

त्यांचा सर्वांत मोठा दावा त्यांच्यावरच दाखल झालेला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते हजारो लोकांसह प्याले. पुढे डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा काही सवर्ण गृहस्थांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

२५ डिसेंबरला हजारो माणसे महाडला जमली. तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. त्या वेळी बाबासाहेबांपुढे खरा पेच उभा राहिला. हुकूम मोडावा तर ज्या कायद्याच्या आधाराने हक्क मागायचा तोच दुबळा होणार. न मोडावा तर लांबून आलेली गरीब माणसे रिकाम्या हाताने परतणार. त्यांनी लोकांना समजावले. तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक निघाली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. हा निर्णय सोपा नव्हता आणि पुष्कळांना तो रुचलाही नाही.

दावा चालत राहिला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली आणि ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही तोच कायम केला. खाजगी मालकीचा दावा टिकला नाही, आणि ती वहिवाट अनादिकाळापासून आहे हेही सिद्ध झाले नाही. घोटभर पाण्याच्या हक्कासाठी नऊ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

वतनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणे जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसायला मिळे, पण तिच्या बदल्यात घरातल्या माणसाने सरकारच्या चाकरीला रात्रंदिवस हजर राहायचे. चाकरी सोडली की जमीन धोक्यात. म्हणून १९२८ साली त्यांनी कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. पूर्ण सारा भरणाऱ्याला जमीन ठेवून चाकरीतून मोकळे होता यावे, अशी त्यात सोय होती. विधेयक पुढे गेले नाही आणि त्यांना ते मागे घ्यावे लागले. १९३७ साली कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयकही त्यांनी आणले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहायला ते नव्हते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वाडवडिलांच्या वतनी जमिनीच्या गोष्टी ऐकायला मिळतात. त्या जमिनी अटीवर परत मिळाल्या आणि अनेकांच्या सातबाऱ्यावर आजही ‘वर्ग २’ अशी नोंद आहे. अडचणीच्या वेळी, कागद न वाचताच अशी जमीन देऊन टाकणारेही आपण पाहिले आहेत. या आठवड्यात घरातला सातबारा काढा, मुलांसमोर मोठ्याने वाचा आणि समजले नाही तर जाणकाराला विचारा. बाबासाहेबांनी नऊ वर्षे ज्या चिकाटीने कागद सांभाळले, त्यातली थोडी तरी आपल्या घरात असू द्या.

तुमचा,
फादर