भुलेवाचून शस्त्रक्रिया सोसणाऱ्या कस्तुरबा

नगर रस्त्याने जाताना आगाखान पॅलेस दिसला की आपल्यापैकी पुष्कळजणी बसमधूनच हात जोडतात. तेथे कस्तुरबांची समाधी आहे. पण या बाईने एकदा भूल न घेता शस्त्रक्रिया सोसली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मला हेच लिहावेसे वाटले. कारण गेल्या वर्षी मी स्वतः शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन आले.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली पोरबंदरला एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. लहान वयातच मोहनदास गांधींशी लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिले नाही. पुढे त्या पतीबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेल्या, चार मुलगे वाढवले, आश्रमाचा मोठा संसार सांभाळला आणि १९१३ साली सत्याग्रहात तीन महिने सक्तमजुरीही भोगली.

त्याच्या आधी, १९०९ च्या सुमारास, त्यांना वारंवार रक्तस्राव होऊ लागला. शरीर अगदी झडून गेले. दरबानला शस्त्रक्रिया करावयाचे ठरले. त्या काळी भूल म्हणजे क्लोरोफॉर्म. १८४७ सालापासून ते वापरात होते. त्याने वेदना कळत नसत हे खरे, पण श्वास मंदावे, हृदयावर ताण पडे. अशक्त माणूस गुंगीतून परत येईलच याची खात्री नसे. कस्तुरबा इतक्या खंगल्या होत्या की डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिलाच नाही. त्यांनी सारे शुद्धीवर राहून सोसले.

शस्त्रक्रिया पार पडली, पण खरी कसोटी पुढेच होती. काही दिवसांनी त्या आणखी खालावल्या. उठून बसवेना, एकदा शुद्धही हरपली. डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क देण्याचे ठरवले. बांनी तो साफ नाकारला. तेव्हा गांधीजींनी रिमझिम पावसात त्यांना तेथून हलवले. आगगाडीच्या डब्यापर्यंत उचलून नेले, आणि पुढे फिनिक्स स्टेशनापासून आश्रमापर्यंतचे अडीच मैल माणसांनी झोळीत घालून नेले. घरच्या उपचारांनी त्या बऱ्या झाल्या. त्यांच्या निश्चयापुढे मी मान लववते. पण अशा रोग्याला दवाखान्यातून हलवण्याचे धाडस मैत्रिणींनी करू नये, असेच मी म्हणेन.

आपल्या पुण्याशीही या घराण्याच्या शस्त्रक्रियेचे नाते आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे अपेंडिक्स काढले. वादळात वीज गेली, हातातली विजेची बत्तीही विझली, आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. नंतर जखमेत पू झाला, प्रकृती सावकाश सुधारली. शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही सांभाळावे लागतात, ते असे.

आता माझे. मलाही बऱ्याच दिवसांपासून जास्त जात होते. घरात सांगायला संकोच वाटे. सांगितले तेव्हा रक्त फार उतरले होते, म्हणून आधी ते वाढवावे लागले. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी कोणाला न सांगता अर्धा कप दुधाचा चहा घेतला. भूल देणाऱ्या बाईंनी विचारले तेव्हा भीत भीत कबूल केले, आणि त्यांनी शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीवर ढकलली. गुंगीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते, हे त्यांनी मला समजावले. मी फार शरमले, पण खरे बोलले याचे समाधान वाटते.

जागी झाले तेव्हा दात वाजत होते, मळमळत होते, घसा दुखत होता. नर्सबाई श्वास, नाडी, रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहत होत्या. हे बहुतेकदा थोड्या वेळात निवळते. वयस्कर माणूस शुद्धीवर येताना काही वेळ भलतेच बोलतो, माणसे ओळखत नाही. तेव्हा घाबरू नये, पण डॉक्टरांना लगेच सांगावे. दमा, हृदयविकार, चालू असलेली औषधे, तंबाखू-मिश्री यांतले काहीही भूल देणाऱ्यांपासून लपवू नये.

कस्तुरबा १९४२ साली कैदी म्हणून पुण्यास आल्या. आगाखान पॅलेसमध्ये त्या आजारी पडल्या. धाकट्या मुलाच्या आग्रहाने पेनिसिलीन आले होते, पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला, पतीच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला.

त्यांच्या वेळी भूल देणेच धोक्याचे होते, म्हणून त्यांना सोसावे लागले. आपल्यावर ती वेळ नाही. आपण मात्र संकोचापायी दुखणे अंगावर काढतो. पुढच्या वेळी समाधीपुढे हात जोडाल तेव्हा एवढे मनाशी ठरवा की दुखणे वेळेवर सांगू आणि खरे सांगू.