स्वहस्ते लिहिलेली पोथी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. इ. स. १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी या गावी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी दुसरा पुत्र जन्मास आला. त्याचे नाव नारायण. हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्धीस आला.

नारायण लहान असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी त्याचा विवाह ठरला. परंतु मंगलाष्टके चालू असतानाच तो मंडपातून निघून गेला, अशी कथा सांगतात. मजल दरमजल करीत तो नाशिकजवळील टाकळी येथे पोहोचला व तेथे त्याने बारा वर्षे काढली. सकाळी नदीच्या पात्रात उभे राहून जप करावा, दुपारी माधुकरी मागावी आणि उरलेला वेळ अध्ययनात घालवावा, असा त्याचा नित्यक्रम असे.

घर सुटलेले, जवळ द्रव्य नाही, मग ग्रंथ कोठून मिळणार? त्या काळी छापील पुस्तके मिळत नसत. ज्याला ग्रंथ हवा असेल, त्याने कोणाची तरी पोथी मागून आणावी आणि ती स्वतः उतरून घ्यावी, हाच मार्ग होता. वाल्मीकिरामायण हा सुमारे २४,००० श्लोकांचा विशाल ग्रंथ. त्याची पोथी समर्थांनी स्वहस्ते लिहून काढली. हे काम टाकळी येथे झाले, असे मानतात. शंकर श्रीकृष्ण देव यांनी परिश्रमपूर्वक जमविलेल्या जुन्या पोथ्यांचा संग्रह धुळे येथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. तेथे ही पोथी जतन केलेली आहे.

लिहिताना प्रत्येक शब्द डोळ्यांखालून, मनातून आणि हातातून जातो. म्हणून लिहिलेले सहसा विसरत नाही. टाकळी सोडल्यावर समर्थांनी बारा वर्षे भारतभर पायी भ्रमण केले. पुढे त्यांनी ‘दासबोध’ हा २० दशकांचा व २०० समासांचा ग्रंथ रचला. आपण कोणकोणत्या ग्रंथांचा आधार घेतला, हे त्यांनी पहिल्याच समासात नावांनिशी सांगितले आहे. तरुणपणी केलेला अभ्यास असा फळास आला.

लेखनाचे महत्त्व जाणून समर्थांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास या एकाच विषयाला दिला. अक्षर सुटे व वळणदार असावे. आरंभापासून शेवटपर्यंत ते एकसारखे असावे. पानाच्या चारी बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. इतका बारकाईचा विचार त्यांनी त्यात केला आहे.

आज पुस्तके सहज मिळतात. संपूर्ण ग्रंथ उतरून घेण्याची गरज उरलेली नाही. परंतु वार्षिक परीक्षा जवळ आली की दुसऱ्याने तयार केलेल्या टिपणांवर विसंबण्याचा मोह अनेकांना होतो. अशी टिपणे वहीत राहतात, मनात उतरत नाहीत. धडा वाचून, पुस्तक मिटून, त्याचे सार आपल्या शब्दांत व स्वच्छ अक्षरात जो लिहून ठेवतो, त्याचे ज्ञान परीक्षेनंतरही त्याच्याजवळ राहते. जांबच्या नारायणाने ऐन तारुण्यात केलेले कष्ट हेच शिकवितात.