एफ्रिनाचे नृत्यगृह आणि जिमी ग्रॅल्टन

आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातील एफ्रिना या खेड्यात १८८६ साली जेम्स तथा जिमी ग्रॅल्टन यांचा जन्म झाला. त्या प्रदेशात १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा सण असतो. आदल्या संध्याकाळी लव्हाळ्याचे क्रूस विणून घराच्या दारावर लावतात व एक वस्त्र रात्रभर बाहेर ठेवतात. संतिणीच्या आशीर्वादाने त्यात आरोग्यदायी गुण येतो, अशी श्रद्धा. गावोगावच्या आश्रयदात्या संतांच्या दिवशी पवित्र विहिरीला प्रदक्षिणा आणि प्रार्थना झाल्या, की वादन व नृत्य रंगत असे. भक्ती आणि आनंद यांची अशी सांगड आपल्याकडील सणांनाही अपरिचित नाही.

ग्रॅल्टन तरुणपणी अमेरिकेला गेले. १९२१ साली परतल्यावर त्यांनी वडिलांच्या जमिनीवर सभागृह उभारले व १९१६च्या उठावातील हुतात्मे पिअर्स आणि कॉनली यांचे नाव त्यास दिले. तेथे नृत्याबरोबरच शिकवणीचे वर्ग चालत आणि जमिनीचे तंटेही सोडवले जात. हा अखेरचा उद्योग जमीनदारांना रुचला नाही. १९२२ साली त्यांना पुन्हा अमेरिका गाठावी लागली.

१९३२ साली ते परतले आणि सभागृह पुन्हा गजबजले. आता तेथे जॅझ संगीतही आले. आयरिश महागुरूंनी १९२५ सालीच नृत्यगृहांतील धोक्यांविषयी निवेदन काढले होते. त्यात ग्रॅल्टन साम्यवादी. स्थानिक धर्मगुरूंनी प्रवचनपीठावरून त्यांचा कडाडून निषेध केला. तरुणांच्या शीलाची चिंता खरी होती, यात शंका नाही. परंतु ती कोठवर गेली, हे सांगताना आपण कॅथलिकांनी आडपडदा ठेवू नये. नृत्य चालू असता सभागृहावर गोळीबार झाला आणि १९३२च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ते जाळण्यात आले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये, ज्या महिन्यात घरोघरी नवे क्रूस लागतात त्याच महिन्यात, सरकारने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते, एवढा आधार पुरला. खटला चालला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना महिनोन्‌महिने घरोघरी लपवले. ऑगस्टमध्ये ते पकडले गेले. स्वतंत्र आयर्लंडने आपल्याच भूमीत जन्मलेल्या माणसाला हद्दपार केल्याचे हे एकमेव उदाहरण मानले जाते. १९३५ साली कायदा होऊन सार्वजनिक नृत्यासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा झाला.

ग्रॅल्टन मायदेशी परतू शकले नाहीत. २९ डिसेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांनी एफ्रिना येथे त्यांच्या स्मारकाचे अनावरण केले आणि त्यांच्यावरील अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला.