र. धों. कर्वे कोण होते? १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात आज तांबी बसवून मिळते. निरोध आणि गोळ्या आशाताई घरपोच देतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र एवढंच काम केलं म्हणून मुंबईतल्या एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला, त्यावरून कुटुंबावर बहिष्कार आला आणि घरातली मुलं हे सगळं पाहतच वाढली.

रघुनाथ अभ्यासात हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, फर्ग्युसन कॉलेजातून बीए झाले आणि गणित शिकवू लागले. १९१९ मध्ये गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा आणि लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणारी युरोपातली पुस्तकं त्यांच्यासोबत मुंबईत आली.

तेव्हाची मुंबई कशी होती?

१९२१ मध्ये मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. या आकड्यात एक मेख आहे. गिरणीतल्या अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावाकडे व्हायची. बाळ घेऊन त्या मुंबईला परतायच्या आणि ते दगावलं तर मृत्यू मात्र शहराच्या खात्यावर. हे वजा केलं तरी परिस्थिती भयंकरच होती. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. कामावर जाताना बाळ झोपून राहावं म्हणून जवळजवळ सगळ्याच आया त्याला अफूची गोळी देतात, असं त्यांना आढळलं. बाळंतपणाची भरपगारी रजा तर दूरच. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला तो १९२९ मध्ये. मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचं समर्थन केलं होतं. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तो कायदा इथे लागूच नव्हता.

बालक कल्याण केंद्रं, पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण असे उपाय तेव्हा सुरू झाले होते. पण हे सगळे उपाय बाई गरोदर राहिल्यानंतरचे. कर्व्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता: मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईला ठरवता का येऊ नये?

१९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं. पत्नी मालतीबाई त्यांच्यासोबत होत्या. परक्या पुरुषाशी या विषयावर बोलणं त्या काळच्या बाईला शक्यच नव्हतं, त्यामुळे मालतीबाई नसत्या तर हे काम किती चाललं असतं, ही शंकाच आहे. स्वतःला मूल नको, हा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता.

कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजात शिकवत. हे मिशनऱ्यांचं कॉलेज. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा पर्याय समोर आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर आर्थिक ओढाताण आयुष्यभर पाठीशी राहिली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक आपल्या अडचणी पत्राने कळवत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. आजच्या भाषेत हा लैंगिक आरोग्याचा सल्ला स्तंभच. मुखपृष्ठावर मात्र नग्न स्त्रीचं चित्र असे. यामुळे किती घरांतून मासिक दाराबाहेरच राहिलं असेल कोण जाणे! पण कर्वे तडजोड करणारे नव्हते.

अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. यावेळी वकील होते डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि अज्ञान दूर करायचं तर उत्तरं द्यावीच लागतील, अशी बाजू त्यांनी मांडली. कोर्टाने ती मानली नाही. पुन्हा दंड.

विषय तिथेच थांबला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

मालतीबाई गेल्यानंतरही कर्व्यांनी मासिक चालू ठेवलं. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असं करणारा तो जगातला पहिला देश ठरला. पण सुरुवातीला सरकारचा भर साधनांवर नव्हता, तर महिन्यातले सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीवर होता. बायकांना त्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. कर्वे जी साधनं तीस वर्षं सुचवत होते, ती सरकारी दवाखान्यात सर्रास दिसू लागण्याआधीच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचे वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते.