तळे राखणारा खजिनदार

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकापासून जवळच पानदरिबा ही जुनी वस्ती आहे. तीन वेळा उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले चंद्रभानू गुप्त याच वस्तीत राहत. साठच्या दशकात लखनौच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या विरोधकांच्या मोर्चांत त्यांना नाव घेऊन चोर ठरवणाऱ्या घोषणा दिल्या जात. ११ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या बँक खात्यात जेमतेम दहा हजार रुपये निघाले, असे लखनौत आजही सांगितले जाते. ते आजन्म अविवाहित राहिले. राहणी साधी होती आणि वारसांसाठी संपत्ती उभी करण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरचा आरोप आणि खात्यातली शिल्लक यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यांच्या चरित्रापुरता मर्यादित नाही. भारतीय पक्षांचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यायचा, या न सुटलेल्या प्रश्नाची मुळे त्यात आहेत.

गुप्त यांचा जन्म १४ जुलै १९०२ रोजी अलिगढ जिल्ह्यातील बिजौली गावी झाला. लखनौ विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर आणि कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली सुरू केली आणि हेच शहर आपले मानले. आर्य समाजाचे संस्कार आणि गांधीजींची चळवळ यांतून त्यांची वृत्ती घडली. त्यांचे नाव प्रथम गाजले ते काकोरी खटल्यात. ९ ऑगस्ट १९२५ रोजी क्रांतिकारकांनी लखनौकडे येणारी गाडी काकोरीजवळ थांबवून सरकारी खजिन्याची रक्कम लुटली होती. संघटनेला शस्त्रे हवी होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. रामप्रसाद बिस्मिल, अशफाक उल्ला खाँ, राजेंद्र लाहिडी आणि रोशनसिंह यांना डिसेंबर १९२७ मध्ये फाशी झाली. आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत गोविंद वल्लभ पंत यांच्यासारख्या ज्येष्ठांबरोबर तरुण चंद्रभानू गुप्तही होते.

या खटल्यातील एक गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. परकी सत्तेच्या तिजोरीवर हात टाकणे हे त्या पिढीच्या लेखी पाप नव्हते. तो पैसा मुळात रयतेचाच, अशी त्यांची धारणा होती. कार्यासाठी पैसा कोठूनही आणावा, आणणाऱ्याने स्वतः त्याला शिवू नये, एवढीच त्या काळाची नीती होती. गुप्त यांनी क्रांतिकारकांचा मार्ग पत्करला नाही. ते काँग्रेसमध्ये राहिले आणि अनेकदा तुरुंगात गेले. मात्र कार्य मोठे असले की हिशेब गौण ठरतो, ही वृत्ती स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या संपूर्ण पिढीत टिकून राहिली. तिजोरी स्वतःच्याच लोकांची झाली, तेव्हा नीतीही बदलायला हवी होती. ती बदलली नाही.

१९३७ मध्ये गुप्त प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. पक्षात त्यांची ओळख मात्र वक्ता किंवा विचारवंत अशी कधीच नव्हती. पैसा उभा करणारा आणि माणसे सांभाळणारा संघटक, ही त्यांची ख्याती होती. प्रदेश काँग्रेसचे ते कोषाध्यक्ष होते. कोणा कार्यकर्त्याच्या मुलीचे लग्न असो, कोणाचे आजारपण असो वा तुरुंगातून सुटलेल्याच्या घरची चूल पेटवायची असो, पानदरिब्याचे दार ठोठावले की काम होई. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभी उत्तर प्रदेश काँग्रेसमधील गटबाजीचा अभ्यास केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात गुप्त यांचा गट ठळकपणे दिसतो. तो विचारसरणीवर उभा नव्हता. उपकार, मदत आणि व्यक्तिगत निष्ठा यांच्या धाग्यांनी तो बांधलेला होता.

हा पैसा येत होता कुठून? १९४८ पासून गुप्त राज्यात मंत्री होते. त्यांच्याकडे प्रथम अन्न व नागरी पुरवठा खाते होते. नंतर आरोग्य, नियोजन, उद्योग अशी खाती आली. तो टंचाईचा आणि नियंत्रणांचा काळ होता. धान्य, साखर, कापड, सिमेंट, लोखंडी पत्रे या साऱ्यांना परवाने लागत. राज्यात कानपूरच्या गिरण्या होत्या, साखर कारखाने होते, घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. परवाना देणारा हात आणि पक्षासाठी पुढे होणारा हात एकाच राजकीय वर्तुळातले असतील, तर देणगी आणि मोबदला यांतील सीमारेषा कोण आखणार? देणगीदाराने दिलेली रक्कम शेवटी वस्तूच्या किमतीत मिसळते आणि ती ग्राहक भरतो. सरकारी तिजोरीतून एक पैसाही न उचलता जनतेचा पैसा पक्षाकडे वळवता येतो, तो असा. कायद्याच्या व्याख्येत हा अपहार बसत नाही, म्हणूनच तो दीर्घकाळ चालतो.

गुप्त यांच्यावर अपहाराचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने लखनौत मोतीलाल स्मारक सोसायटी उभी राहिली. चारबागसमोरचे रवींद्रालय हे नाट्यगृह आणि मुलांसाठीच्या संस्था तिच्याच छत्राखाली आल्या. लोकांकडून आणलेला पैसा लोकांच्या डोळ्यांसमोर वास्तू होऊन उभा राहिला, असे त्यांचे चाहते म्हणत आणि त्यात तथ्य होते. तळे राखील तो पाणी चाखील, अशी आपल्याकडे म्हण आहे. गुप्त यांनी तळे राखले आणि पाणी चाखले नाही, एवढे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल. मात्र तळ्यात पाणी किती आले, कोणत्या ओढ्याने आले आणि कोणाच्या शेताला गेले, याची नोंद जनतेला कधीच पाहता आली नाही.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण ठरले. त्या वर्षीच्या निवडणुकीत खुद्द लखनौत प्रजा समाजवादी पक्षाचे त्रिलोकी सिंह यांनी गुप्त यांचा पराभव केला. पुढच्या वर्षी हमीरपूर जिल्ह्यातील मौदहा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. निधी उभारणारा नेता मतेही उभी करू शकतो, हा समज दोनदा खोटा ठरला. त्याच १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर टाटा पोलाद कंपनीचे प्रकरण आले. राजकीय पक्षांना देणगी देता यावी यासाठी कंपनीला आपल्या घटनापत्रात दुरुस्ती हवी होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याच्या चौकटीत परवानगी दिली. पण अशा पैशाने लोकशाहीचा श्वास कोंडू शकतो, असा इशारा देऊन संसदेने लक्ष घालावे, असे सुचवले. वर्षअखेरीस लखनौच्या शेजारच्या रायबरेलीचे खासदार आणि एके काळी लखनौतच नॅशनल हेराल्डचा कारभार पाहिलेले फिरोज गांधी यांनी लोकसभेत मुंध्रा प्रकरण उपस्थित केले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग घेतले होते. चौकशी छागला यांच्याकडेच आली, ती मुंबईत खुली चालली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये पद सोडावे लागले. सरकारी संस्थेच्या व्यवहाराचे कागद असल्यामुळे त्याचा छडा लागला. पक्षाच्या निधीला तशी कागदाची वाटच नव्हती.

दोन पराभवांनंतरही गुप्त संपले नाहीत. निवडून न येताही पक्ष ताब्यात ठेवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६० मध्ये प्रदेशाध्यक्षपदाची लढत त्यांनी जिंकली, मुख्यमंत्री संपूर्णानंद यांना पायउतार व्हावे लागले आणि डिसेंबरमध्ये गुप्त मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर १९६३ मध्ये कामराज योजनेखाली त्यांनी पद सोडले. याच योजनेत केंद्रातून स. का. पाटील यांनीही मंत्रिपद सोडले. मुंबई काँग्रेसचे निधिसंकलक म्हणून पाटलांची जी ख्याती महाराष्ट्राला परिचित आहे, तीच उत्तरेत गुप्त यांची होती. पैसा उभा करणाऱ्यांचे राजकीय वजन दिल्लीलाही जाणवत होते.

१९६७ मध्ये काँग्रेसचे बहुमत हुकले. गुप्त १४ मार्चला पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण चरणसिंह समर्थक आमदारांसह बाहेर पडले आणि तीन आठवड्यांच्या आत सरकार कोसळले. उपकारांवर बांधलेली निष्ठा, अधिक काही देणारा भेटताच सुटते, हा धडा त्या पक्षांतराने दिला. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. गुप्त संघटना काँग्रेससोबत राहिले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

दरम्यान कायदा मागून चालत होता. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली आणि त्या ताळेबंदात दाखवणे बंधनकारक झाले. भ्रष्टाचार निर्मूलनाचा विचार करणाऱ्या संथानम समितीने १९६४ च्या अहवालात पक्षनिधीच्या संकलनाकडे बोट दाखवले. कंपन्यांच्या देणग्या बंद कराव्यात आणि पक्षांनी सामान्य कुटुंबांच्या छोट्या वर्गणीवर चालावे, असे सुचवले. १९६९ मध्ये या देणग्यांवर सरसकट बंदी आली. पण छोट्या वर्गणीची व्यवस्था कोणत्याही मोठ्या पक्षाने उभारली नाही आणि निवडणुकांचा खर्चही घटला नाही. परिणामी जे थोडेफार धनादेशाने येत होते, तेही रोखीत गेले. १९८५ मध्ये बंदी उठली, तोवर रोखीची सवय हाडीमांसी खिळली होती.

१९७७ मध्ये जनता पक्ष स्थापन झाला आणि त्याच्या खजिनदारपदी चंद्रभानू गुप्त आले. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या नेत्याकडे नव्या पक्षाने तिजोरीची किल्ली दिली, ती त्यांच्या नावावरील विश्वासामुळे. त्याच जनता राजवटीत प्राप्तिकर कायद्यात १३ अ हे कलम आले. पक्षांना करसवलत हवी असेल, तर हिशेब ठेवावेत, लेखापरीक्षण करून घ्यावे आणि दहा हजारांहून मोठ्या देणगीदारांची नोंद ठेवावी, असे त्याने सांगितले. १ एप्रिल १९७९ पासून ते लागू झाले. खजिनदाराच्या चारित्र्याऐवजी वहीवर भिस्त ठेवण्याचा हा पहिला प्रयत्न गुप्त यांच्या अखेरच्या काळात झाला. पक्षांनी तो मनावर घेतला नाही. विवरणपत्रे भरलीच पाहिजेत, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

त्यानंतरचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. २००३ मध्ये वीस हजारांवरील देणग्या निवडणूक आयोगाला कळवणे आवश्यक झाले. त्याखालच्या रकमांचा ओघ बहुतांशी निनावीच राहिला. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले, पण पक्षांनी तो आदेश पाळला नाही. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले आणि देणगीदाराचे नाव कायद्यानेच झाकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. आजही पक्षाचे हिशेब तपासणारा लेखापरीक्षक पक्षच निवडतो. करसवलत मात्र जनतेच्या पैशातून मिळते.

गुप्त यांचे आयुष्य या साऱ्याच्या मुळाशी असलेला एक गैरसमज दाखवते. माणूस स्वच्छ असला की व्यवस्था स्वच्छ राहते, असे आपण मानत आलो. पानदरिब्याच्या खजिनदाराने स्वतःसाठी काही ठेवले नाही. पण हिशेब न देण्याची जी रीत त्यांच्या पिढीने रूढ केली, ती त्यांच्यासारखी साधी राहणी नसलेल्यांनाही वारशात मिळाली. प्रामाणिक खजिनदार आणि अप्रामाणिक खजिनदार यांच्यात फरक करण्याचे साधन त्या रीतीत नव्हते. म्हणूनच रस्त्यावर चोर ठरवले गेल्यावर गुप्त यांना दाखवायला स्वतःच्या साधेपणाखेरीज काहीही नव्हते. स्वतंत्र लेखापरीक्षक आणि प्रत्येक देणगीची खुली नोंद यांची मागणी पक्षांना आज जाचक वाटते. पक्षात जे प्रामाणिक आहेत, त्यांना तर तिची गरज सर्वाधिक आहे. वही उघडी असती, तर चंद्रभानू गुप्त यांच्या बाजूने साक्ष देण्याचे काम त्यांच्या मृत्यूनंतरच्या बँक खात्यावर पडले नसते.