शांतीचे धडे लिहून ठेवणारा माणूस



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शांती करायची कशी, हे शिकावे लागते. ते शिकण्यात आयुष्य वेचलेल्या डाग हॅमरशोल्ड यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमध्ये झाला. घराणे ल्यूथरन पंथाचे. वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात देशाचे पंतप्रधान होते. आई अत्यंत श्रद्धाळू होती. अर्थशास्त्र शिकून डाग सरकारी सेवेत शिरले. ते अविवाहित राहिले. एप्रिल १९५३ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले.

१९५६ साली सुएझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन व फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला. शांतिसेनेची योजना ४८ तासांत मांडा, असे आमसभेने त्यांना सांगितले. ती त्यांनी मांडली आणि दोन आठवड्यांच्या आत सैनिक इजिप्तमध्ये उतरले. भारतासह दहा देशांनी सैन्य दिले. हे सैनिक ओळखू यावेत म्हणून शिरस्त्राणांना निळा रंग दिला गेला.

काम मार्गी लागल्यावर दुसरा कोणी समाधान मानून थांबला असता. हॅमरशोल्ड यांनी १९५८ मध्ये या अनुभवाचा अहवाल लिहिला. ज्या देशात जायचे त्याची संमती हवी, बड्या राष्ट्रांचे सैन्य नको, शस्त्र केवळ स्वसंरक्षणासाठी, अंतर्गत भांडणात बाजू घ्यायची नाही, हे धडे त्यांनी नोंदवले. एका ठिकाणची व्यवस्था दुसरीकडे जशीच्या तशी चालणार नाही, हेही सांगितले.

त्याचा प्रत्यय १९६० मध्ये काँगोत आला. स्वातंत्र्य मिळताच तेथील सैन्याने बंड केले आणि कटांगा प्रांत फुटून निघाला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आधी शेजारीच धावतो. म्हणून त्यांनी प्रथम आफ्रिकी देशांना हाक दिली. ट्युनिशिया, घाना, मोरोक्को, इथिओपिया धावून आले. सैन्य देणाऱ्या देशांची सल्लागार समिती त्यांनी नेमली. पण शेजाऱ्यांचीही मते आणि हितसंबंध असतात. जानेवारी १९६१ मध्ये पंतप्रधानपदावरून दूर केलेले लुमुंबा यांची हत्या झाली आणि काही देशांनी सैन्य काढून घेतले. त्या अडचणीच्या काळात भारताने एक ब्रिगेड पाठवली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया तेथे धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

ते पाहायला हॅमरशोल्ड उरले नव्हते. १८ सप्टेंबर १९६१ रोजी, युद्धविरामाच्या बोलणीसाठी जात असताना, आजच्या झांबियातील एन्डोला गावाजवळ त्यांचे विमान कोसळले. अपघात की घातपात, याचा निर्णय अजून लागलेला नाही. त्यांना मरणोत्तर शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. न्यूयॉर्कच्या घरात त्यांची एक वही सापडली. तिच्यात राजकारण जवळजवळ नाहीच. आहे तो स्वतःशी व परमेश्वराशी मांडलेला हिशेब.

बंधुभगिनींनो, त्यांचा अहवाल आणि त्यांची वही या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, असे आम्हाला वाटते. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण विवेकाची तपासणी करतो. तीच त्यांनी राष्ट्रांच्या कामात आणली. आपल्याकडे वाटणीवरून भावाभावांत भांडण होते. चार शेजारी मध्यस्थी करतात. भांडण मिटले की कुठे काय चुकले, ते सारेजण विसरतात. पुढच्या भांडणात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मध्यस्थांनी एकदा एकत्र बसून काय साधले, काय बिघडले, आपलाच कुठे तोल गेला, हे बोलून घेतले तर?

काँगोत शांती लगेच आली नाही. तरी त्यांनी लिहून ठेवलेले धडे पुढच्या शांतिसेनांना पायाभूत ठरले. परमुलखात पहारा देणाऱ्या सैनिकांसाठी, त्यांची घरी वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी आणि शांती करायला शिकण्याची नम्रता आपल्याला मिळावी म्हणून आज मिस्साबलिदानात प्रार्थना करूया.